मागाच्या घरातली शांतता

सूत आलं नाही की माग बंद, आणि माग बंद पडले की आमच्याकडे दोन्ही वेळची चूल पेटेलच याची खात्री नसे. कामठीत आमचं घर दोन खोल्यांचं. मागच्या भिंतीला लागून मालकाची शेड होती आणि तिच्यातले चार यंत्रमाग बाबा एकटे सांभाळत. भिंत थरथरायची. मी त्याच भिंतीला पाठ लावून दहावीचा अभ्यास केला. आवाज थांबला तरच माझं लक्ष उडे, कारण आवाज थांबणं म्हणजे सूत संपणं.

पंचवीस वर्षांत बाबांचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणून कुणाला कळलं नाही. शेडमध्ये तसंही सगळे खुणांनीच बोलत. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन बोटं जुळवून झटक्यात विलग केली की धागा तुटला. घरी मात्र बाबा तोंडाने बोलत आणि ओरडून बोलत, कारण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसे. आईही त्यांच्याशी ओरडूनच बोले. जेवायला बोलवायचं असलं की ती पोळ्या लाटायचं बेलणं जमिनीवर दोनदा आपटे. हादरा त्यांच्या पायाला लागे आणि ते येत. "आज काय वं?" हे शेजारच्या तीन घरांना ऐकू जाई आणि उत्तरही जाई.

नागपूरला कॉलेजात माझं नाव घालायला बाबा सोबत आले होते. आमच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. फी भरायच्या खिडकीशी ते म्हणाले, "माही पोरगी हाय, साहेब. लय हुशार हाय." अख्खी रांग हसली. मी म्हटलं, "हळू बोला ना, बाबा." त्यांना ऐकू आलं नाही. ते बहिरे आहेत याचंच तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे.

पदवी झाली, नोकरी लागली. नागपुरातल्याच एका सिनेमा मंडळात मी जाऊ लागले. मंडळ दर डिसेंबरला एक अंक काढतं आणि त्यात वर्षातल्या सर्वोत्तम चित्रपटावर मोठा लेख असतो. त्या वर्षी सगळ्यांचं एकमत होतं. चित्रपट कामठीकडच्याच एका बहिऱ्या विणकराच्या घराचा होता. सचिव म्हणाले, "तुम्ही त्याच भागातल्या, तुम्हीच लिहा." मी लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: विणकराच्या घरातली शांतता इतकी खरी आजवर कुणी दाखवली नव्हती.

लेख देऊन झाल्यावर मंडळाने तो चित्रपट पुन्हा दाखवला. मी आईबाबांना घेऊन गेले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. "आमच्यावर पिक्चर काढला म्हन्ते," ते वाटेत ऑटोवाल्याला सांगत होते.

पडद्यावर विणकर मागाशी उभा होता. कॅमेरा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर राहिला. मागे ताण्यातला एक उभा धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला. माझ्या ते पहिल्या वेळी लक्षातही आलं नव्हतं. बाबा जागेवरून अर्धे उठले.

"धागा तुटला गा. थांबव, थांबव माग. कापडाचं अख्खं ठाण बाद होते."

"अंकल, प्लीज," मागून कुणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेतले सचिव वळून पाहू लागले. मी बाबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

शेडच्या खुणांमध्ये ही खूण नव्हती. तिथे ती कुणाला कधी लागलीच नव्हती. तरी बाबांना कळली.

परतताना ऑटोत आई म्हणाली, "त्या घरात कोनी बोलत काहून नाही वं? भांडन झालं होतं का त्यायचं?"

"नाही आई. तो बहिरा आहे ना, म्हणून."

"बहिरा हाय म्हनून? त्याची बायको ताट वाढते अन् नुसती त्याच्याकडे पाहत बसते. मानूस उपाशी मरन अशानं."

बाबा बाहेर पाहत होते.

आठ दिवसांनी आईचा फोन आला. "काय केलं तू त्यायले? तोंड हालून राहिलं, पन आवाज नाही येऊन राहिला." मी कामठीला गेले. बाबा हळू बोलायचा प्रयत्न करत होते. किती हळू, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, म्हणून नुसते ओठ हलत होते. मी ओरडून म्हटलं, "बाबा, मोठ्यानं बोला." त्यांनी हसून मान हलवली. मी बाहेर शिकलेली आहे, मला जास्त कळतं, असं त्यांना वाटत असावं.

मी सचिवांकडून लेख परत मागितला.

"सगळे समीक्षक पहिला नंबर देतात," ते म्हणाले. "तुमचंच काय वेगळं?"

"माझे वडील ते काम करत होते."

"मग तर तुम्हाला जास्त भिडायला हवा."

"भिडला होता. तेच चुकलं."

दुसऱ्या लेखात मी लिहिलं, की छायाचित्रण सुंदर आहे, नटाने मेहनत घेतली आहे, पण सर्वोत्तम म्हणण्याजोगा हा चित्रपट नाही. ती शांतता विणकराच्या घरातली नाही. दुरून पाहणाऱ्याला ती तिथे असावीशी वाटते, आणि मलाही तशी वाटली, कारण मी दूर गेले होते. बेलण्याबद्दल लिहिलं. तुटलेल्या धाग्याबद्दल लिहिलं. हॉलमध्ये कुणी कुणाला गप्प केलं, तेही लिहिलं.

बाबांचा आवाज पूर्वीसारखा परत आला नाही. आई अजून बेलणं आपटते, ते येतात, मुकाट जेवतात. अंक मी त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी बोट ठेवत ठेवत पूर्ण लेख वाचला आणि अंक घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

लेख मी लिहिला तसाच छापून आला, एक शब्दही न बदलता, आणि खाली माझं नाव होतं, बाबांच्या नावासकट.