चावरं पोर आणि मी

गिरणीच्या पाळणाघरात मी बाई म्हणून लागले, ती सातवी पास एवढ्याच भांडवलावर. स्वतःला मूल नव्हतं, पण मुलांचं सगळं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. तो एका दीड वर्षाच्या पोरानं मोडून काढला.

ते पोर चावायचं. वळसंगहून पोटासाठी सोलापुरात आलेल्या एका धनगर बाईचं ते. ती सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला होती. त्याचं गिऱ्हाईकही ठरलेलं होतं, एका तेलुगू कामगारणीची गुबगुबीत मुलगी. राग वगैरे काही नाही, उलट तिच्यावर त्याचा जीव. तिचा हात धरून बसायचं आणि हसता हसता दंडाला डसायचं.

मी ओरडून पाहिलं, कोपऱ्यात बसवून पाहिलं. माझ्या हाताखालची आया म्हणाली, "तुमी बी चावा, मग कळंल त्याला." मी हलकेच चावलेसुद्धा. पोर खदखदून हसलं आणि माझ्याच मनगटाला डसलं. त्याला तो खेळ वाटला असावा.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. मधल्या सुट्टीत आई पाजायला यायची आणि भोंगा झाला की पदर सोडवून पळायची. सगळे चावे त्यानंतरच्या अर्ध्या तासात. तेवढा वेळ कडेवर घेतलं तर ते चावत नसे. पण पस्तीस पोरं आणि आम्ही दोघी, कोणाकोणाला कडेवर घेणार? कारण कळलं म्हणून माझे हात काही वाढले नाहीत.

एके दिवशी त्यानं मुलीच्या गालाचा लचकाच तोडायचा बाकी ठेवला. रक्त आलं. तिच्या आईनं तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत माझा उद्धार केला आणि थेट गिरणीच्या साहेबांकडे गेली. साहेबांचा हुकूम आला, पुन्हा चावलं तर ते पोर घ्यायचं नाही. तो मीच त्याच्या आईला सांगितला, तोही तावातावानं, जणू तीच चावली होती. घरी पोर बघायला तिला कोणी नव्हतं. पाळणाघर सुटलं की कामही सुटणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या घरची युक्ती केली. दात शिवशिवतात म्हणून चघळायला एक खारीक जाड दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधली. आणि काय सांगू, चावणं थांबलं! पाच दिवस एकही चावा नाही. मी साहेबांपुढे शेखी मिरवली, चार लेकुरवाळ्यांना खारकेचे गुण सांगितले. पोर पाळण्यात गप पडून असे, त्याला मी शहाणपण समजले.

सहाव्या दिवशी खारीक बदलायला गेले, तर ती कोरडी खडखडीत. दाताची खूणसुद्धा नव्हती. मग पोर गप कशानं पडतं, अशी शंका आली. सुट्टीत आई आली तेव्हा मी तिचा हात धरून पाहिला. अंगठ्याच्या नखाखाली काळं होतं. अफू. कामावर जाताना नखात भरून पोराला चोखायला द्यायची बायकांची जुनी रीत. अफू दिलेलं पोर आत घ्यायचं नाही, हा तर आमचा पहिला नियम.

"अगं, काय केलंस हे?"

तिनं हात सोडवून घेतला नाही. "चावलं तर तुमी काढता. निजलं तर ठिवता. मग म्या काय करावं, सांगा की बाई."

"उद्यापासून देऊ नकोस."

"आन् उद्या चावलं तर?"

मला राग आला, तिचा, साहेबांचा आणि सगळ्यांत जास्त माझा. सांगावं तर हिचं काम जातं, गप्प राहावं तर पोर जातं. इकडे आड, तिकडे विहीर. भोंगा झाला आणि ती पळाली. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

पोराला कडेवर घेतलं. अफूच्या गुंगीत त्याची मान माझ्या खांद्यावर लोंबत होती. मी त्याच्या तोंडात माझं बोट घातलं आणि म्हणाले, "चाव रे." चार-पाच वेळा म्हणाले. त्यानं तोंडसुद्धा मिटलं नाही.