काठ डाव्या हाताले

मोठे बाबा आम्हाला बंगईवर बसवून जेवायला लावायचे. वरूडच्या घरी ओसरीत सागवानी पाटाची बंगई टांगलेली होती. तिच्या एका टोकाला त्यांची लेक कुसुम, दुसऱ्या टोकाला मी, मांडीवर भाकरी आणि झुणका. ते स्वतः खाली उभे राहून झोका द्यायचे, तोही सरळ नाही, तिरपा. आमच्यापैकी कोणी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "आत्ताच वकून घ्या, पोट्टेहो. बोटीवर वकाल तं लंकेवाले म्हनतीन, वऱ्हाडातून कायची मानसं आली."

कारण आम्ही सगळे उन्हाळ्यात लंकेला जाणार होतो. कामधंद्याला नाही, फिरायला! इंग्रजी अमदानीतली गोष्ट. तेव्हा वरूडकर फार तर अमरावतीला जायचा, तोही कोर्टकज्जा निघाला तर. मोठे बाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, संत्र्याचे बागाईतदार. आम्ही अमरावतीला राहायचो आणि शाळेला सुट्टी लागली की मी वरूडला. मोठ्या बाबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण लहानपणी कीर्तनात सेतूची कथा ऐकून कुसुमनं विचारलं होतं, "बाबा, दर्या केवढा असते?" त्यांना सांगता आलं नाही. ते म्हणाले, "दाखवतो तुले. सासरी जाच्या आंधी दाखवतो." झालं. शब्द गेला.

वाट त्यांना बडनेऱ्याच्या एका रेल्वे गार्डनं सांगितली. हे गार्डकाका मूळचे रत्नागिरीकडचे, दर हिवाळ्यात संत्री खायला बागेत यायचे. रेल्वेनं तुतिकोरीन, तिथून शिडाच्या नावेनं कोलंबो, मग लंकेच्या काठाकाठानं खाली गाल आणि वळसा घालून वर त्रिंकोमाली. "नावाडी काठ सोडत नाहीत," गार्डकाका म्हणाले, "किनारा सारखा डाव्या हाताला राहतो." हे वाक्य मोठ्या बाबांच्या अंगात असं भिनलं की त्यांनी ते सगळीकडे लावायला सुरुवात केली. मी परीक्षेला निघाले तर म्हणाले, "भ्याचं काई काम नाई. काठ डाव्या हाताले ठेव." भाजीत मीठ जास्त झालं की मोठ्या आईला म्हणायचे, "आज काठ सुटला वाट्टे." मोठी आई म्हणायची, "या बह्याड मानसाले कोनी आवरा व." आणि तरीही बोटीवर न्यायच्या कुरड्या वाळत घालायची.

उन्हाळाच का? तर मृगाच्या बहारासाठी संत्र्याचं पाणी चैत्रात तोडतात. झाडं सुकतात, पानं गाळतात, पाऊस पडेपर्यंत तशीच उभी राहतात. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. बागाईतदाराला वर्षातून तेवढीच उसंत. मोठे बाबा म्हणायचे, "बाग तानावर अन् आपन दर्यावर." पण एका वर्षी विहीर ढासळली, एका वर्षी बैल गेला, एका वर्षी मोठ्या आईची आई आजारी पडली. असं करता करता कुसुमचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, मुहूर्त मार्गशीर्षातला. पुढचा उन्हाळा आता उरला नव्हता.

त्या वर्षी मोठे बाबा इरेला पेटले. चैत्रात बडनेऱ्याला जाऊन गार्डकाकांनाच घरी घेऊन आले, म्हणाले, आता गाड्या अन् नावा पक्क्या करून द्या.

"निघताय कधी?" गार्डकाकांनी पन्हं पिता पिता विचारलं.

"वैशाखात, अखजी झाली की."

गार्डकाकांनी पेला खाली ठेवला. "दादा, मी समजत होतो तुम्ही थंडीत जाणार. वैशाख सरता सरता वारा फिरतो. शिडाच्या नावा वर ओढून ठेवतात. पाऊसकाळ संपेपर्यंत कोणी त्या पाण्यात घालत नाही."

इतकी वर्षं हे निघालं कसं नाही? अहो, निघणार कसं! ते यायचे हिवाळ्यात, आणि उन्हाळ्याखेरीज माणूस कधी मोकळा असतो हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

"म्हंजे आमी रिकामे तवा दर्या बंद," मोठे बाबा सावकाश म्हणाले.

दिवाळीनंतर निघावं, तर झाडावर फळ पोसत असतं. शिवाय तोवर साखरपुडा झालेला, आणि तशी पोरगी समुद्रापार नेली म्हटल्यावर अकोलेकर लग्न मोडतील, ही मोठ्या आईची धास्ती. आणि ती खोटी नव्हती.

मोठे बाबा उठून बागेत गेले. आम्ही दोघी मागून गेलो. ते एका सुकलेल्या झाडाला टेकून बसले होते आणि रडत होते. "म्या तुले दाखवतो म्हनलं होतं व," ते म्हणाले. कुसुम त्यांच्याजवळ बसली. "बाबा, दर्याही तानावर असंन," ती म्हणाली, "त्यालेही लागते." मला तेव्हा तिचा हेवा वाटला. असं बोलायला मला कधीच सुचलं नसतं.

मार्गशीर्षात कुसुम सासरी गेली. बैलांच्या दमणीत बसताना ते तिला एवढंच म्हणाले, "काठ डाव्या हाताले ठेव, माय." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बंगई उतरवली आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकली. लंकेचं नाव पुन्हा काढलं नाही. मोठी आई म्हणायची, घर मुकं झालं.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं, तेही वैशाखातच. कुसुम अकोल्याहून आली. आल्या आल्या तिनं बंगई खाली काढून टांगायला लावली, गोधडी अंथरली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पायानं झोका दिला. तिरपा. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कुठवर आलो व?"

"गाल मांगं पडलं, बाबा."

"काठ?"

"डाव्या हातालेच हाये."

त्याच आठवड्यात ते गेले.

पुढे कुसुम यजमानांबरोबर मुंबईला जाऊन समुद्र पाहून आली. मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, केवढा आहे गं?

"बंगईवरून जास्त मोठा दिसे," ती म्हणाली.