पूर्वेचा कान

आबा सरांच्या वर्गात शिक्षा झाली की नुसता कान धरून भागायचं नाही. "पूर्वेचा कान धर," असं फर्मान सुटायचं. फळा उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे फळ्याकडे तोंड केलं की उजवा कान पूर्वेचा, एवढं हुशार पोरांनी पाठच करून ठेवलेलं. पण सर वस्ताद! ते गुन्हेगाराला आधी वर्गाकडे तोंड करून उभं करायचे आणि मग हुकूम सोडायचे. पोरगं सवयीने उजवा कान पकडायचं, वर्ग खो खो हसायचा आणि सर शांतपणे म्हणायचे, "तो पश्चिमेचा शे, राजा. आता दोन्ही धर."

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. शिकवणं पुस्तकी मराठीत, पण रंगात आले की अहिराणी. समोर आम्ही त्यांना आबा सर म्हणायचो आणि पाठीमागे होकायंत्र. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला विचाराल तर मनातून आवडतही होतं. पुढे मी भुसावळला रेल्वेत लागले, पोराबाळांची झाले, तरी गावच्या बाजारात गाठ पडली की 'कशी आहेस' वगैरे काही नाही. "उत्तर कोठे शे?" हा पहिला प्रश्न. हात करून बरोबर दाखवली, की मग घरच्यांची चौकशी!

डावं-उजवं हे शब्द त्यांना वर्ज्य. "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं. उत्तर कुणाच्या बापासाठी फिरत नाही," असं म्हणायचे. घरीसुद्धा तेच. सरांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणतं. त्या सांगायच्या, "नवी नवरी होते तेव्हा हे म्हणाले, मीठ जरा दक्षिणेला वाढ. मला वाटलं, बाई, ज्योतिष्याच्या घरात पडले की काय!"

त्यांच्या मुलाच्या, भाऊच्या लग्नात तर कहर झाला. पंगतीत वरण-बट्टी फिरत होती आणि सर मांडवाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, "अरे, ईशान्य कोपरा उपाशी शे! वांग्याची भाजी वायव्येलाच किती ओतता?" वाढपी बिचारे भांडी घेऊन गरगर फिरत होते. फोटोवाला म्हणाला, "काका, थोडं उजवीकडे सरका." सर जागचे हलले नाहीत. "उजवीकडे म्हणजे? तुझ्या का माझ्या? नीट सांग, मग सरकतो." अखेर नवरीनेच सांगितलं, "बाबा, पूर्वेला या." ती सून त्यांना त्या क्षणापासून लेकीपेक्षा लाडकी झाली.

एक गोष्ट मात्र त्यांनी आमच्या डोक्यात हातोड्याने ठोकली होती. शाळा सुटल्यावर ते आम्हांला पायरीवर उभं करून मावळता सूर्य दाखवायचे. उन्हाळ्यात तो पाण्याच्या टाकीमागे बुडायचा आणि थंडीत पार दक्षिणेकडे सरकून कापसाच्या जिनिंगच्या शेडमागे. "सूर्य पश्चिमेला मावळतो, असं लिहून थांबलात तर अर्धाच मार्क," ते बजावायचे. "कोणत्या महिन्यात, ते विचारा आधी!" आम्ही मान डोलवायचो आणि पेपरात पुन्हा अर्धा मार्क घालवायचो.

गेल्या थंडीत अक्कांचा फोन आला. सरांना अर्धांगाचा झटका आला होता, धुळ्याच्या दवाखान्यात होते. मी तशीच निघाले आणि दुपार कलता कलता पोचले. खोलीत पडदे ओढलेले, ट्यूबलाइट लावलेली. सर उताणे पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. पोरसवदा डॉक्टरीणबाई मोठ्या मायेने विचारत होत्या, "आबा, डावा हात वर करता का? बरं, डावा डोळा मिटा." सर नुसते छताकडे, भिंतीकडे बघत होते.

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "ऐकू येतंय. पण समजतंय की नाही, हे आज तरी सांगता येत नाही."

अक्कांनी माझा हात घट्ट धरला. "अंग लुळं पडलं तरी चालेल गं, मी करीन त्यांचं. पण माणूस आत शे का नाही, एवढं तरी कळू दे."

मी अक्कांना आणि भाऊला घेऊन आत गेले, सरांजवळ बसले. त्यांचे डोळे पुन्हा भिंतीवरून फिरू लागले. या भिंतीवरून त्या भिंतीवर, मग पडद्यावर. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझे आई! स्ट्रेचरवरून आडवं आणलेला हा माणूस, या बंद खोलीत आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर सापडत नव्हती!

मी उठून पडदा सरकवला. उतरतीचं ऊन खिडकीतून सरळ त्यांच्या पलंगावर आलं. सरांनी सूर्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे थांबले.

"सर, ही खिडकी पश्चिमेला," मी मोठ्याने म्हटलं. "आता पूर्वेचा हात वर करा."

खिडकीच्या विरुद्ध बाजूचा हात हळूहळू वर आला.

अक्कांनी तोंडाला पदर लावला. भाऊ डॉक्टरांना हाका मारत पळाला. त्याच्यामागून बाई धावत आल्या, तोवर सरांचे ओठ हलायला लागले होते. मोठ्या कष्टाने, एक एक अक्षर ओढत ते म्हणाले, "डि... सें... बर."

भाऊचा चेहरा पडला. "बरळताहेत," तो पुटपुटला.

बरळतात कसले! डिसेंबरातला सूर्य होता तो, दक्षिणेकडे सरकलेला. खिडकी नैऋत्येला होती आणि मी तिला खुशाल पश्चिम म्हटलं होतं. गेला माझा अर्धा मार्क!

सरांचा वर गेलेला हात खाली आलाच नाही. त्याचं एक बोट माझ्या कानाकडे वळलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "काय म्हणताहेत आबा?" पण मला हसू आणि रडू एकदमच फुटलं होतं. या खोलीत ईशान्येचा कान कोणता, ते काही केल्या सुचेना.

मी दोन्ही धरले.