पातेल्यातला गणपती आणि बेटावरची आग

तमाम मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीच्या एका उन्हाळ्यात आखातात, मुऐदरच्या आमच्या भाड्याच्या घरी, भूमध्य समुद्रातल्या एका फ्रेंच बेटावरच्या ग्रामपंचायतीसाठी गणपती पाण्यात ठेवण्यात आला होता.

ग्रामपंचायत म्हणजे तिकडचं कम्यून. बेटावरच्या डोंगरात दगडी घरं, एक चर्च, शेळ्या आणि शेळ्यांहून कमी माणसं. लुसैलला स्टेडियमच्या कामावर माझ्या शेजारी बसणारा सर्व्हेअर त्या गावचा. त्याच्या बढाया ऐकून वाटायचं, पॅरिस यांच्या वेशीबाहेर कुठेतरी असणार.

त्या शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला, तो पांढराफटक चेहरा घेऊनच. गावाभोवतीचं रान पेटलं होतं. म्हातारी आई शेळ्या सोडून निघायला तयार झाली नव्हती आणि आता रस्ताच बंद झाला होता. फोन लागत नव्हता. कामाच्या घाईत आमच्या सगळ्यांच्या रजा खलास. आणि विमान मिळालं असतं तरी पुढे जायला वाट कुठे होती? तो पुन्हा पुन्हा नंबर लावत होता. वरणभात गार झाला. एरवी मयताच्या घरीही विनोद करणारा मी उगाच त्याच्या ताटावर झाकण ठेवून आलो.

बायकोने देव्हाऱ्यातला गणपती उचलला आणि पाण्याच्या पातेल्यात ठेवला.

"भाभी, हे काय?" आमच्यात राहून तो एवढं शिकला होता.

"काम होईपर्यंत देवाला पाण्यात ठेवतात," मी सांगितलं. "गुदमरला की हलतो."

"म्हणजे ओलीस धरायचं?"

"घरचाच आहे. चालतं त्याला," बायको म्हणाली.

त्याने तोंड फिरवलं. देवाबिवावर त्याचा विश्वास नव्हता. थोड्या वेळाने मात्र उठला आणि सोंड वर राहिली होती म्हणून आणखी एक तांब्या ओतला.

दिवेलागणीला फोन वाजला. शेजारणीच्या मोबाइलवरून आईच बोलत होती. आग वेशीपाशी आल्यावर सगळी म्हातारी माणसं गावच्या धुणं धुण्याच्या हौदात उतरली होती, डोक्यावर ओल्या चादरी घेऊन. शेळ्यांचं काय झालं ठाऊक नव्हतं. धुरात काही दिसत नव्हतं, मदत पोहोचली नव्हती. फोन कट झाला.

"जिवंत आहेत ना, बास," म्हणत बायकोने डोळे पुसले आणि गणपती काढायला पातेल्यात हात घातला. सर्व्हेअरने झटकन तिचं मनगट धरलं.

"नको, भाभी. आधी आई पाण्यातून बाहेर येऊ दे, मग त्याला काढा."