शेपटीचा लाल दोरा

धक्क्यावरच्या लिलावाच्या शेडमध्ये एक लाकडी खोकं होतं आणि त्यावर बत्तीस वर्षं एकच बाई बसत आली होती. तिला सगळे मावशी म्हणायचे. तिच्याहून वयानं मोठे म्हातारेसुद्धा मावशीच म्हणायचे, आणि तेवढ्यापुरता तिला मनातून राग यायचा. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. सहीच्या जागी अंगठा उठवायची, म्हणून कोणीतरी थट्टेनं तिला अंगठेबहाद्दर म्हटलं होतं. पण त्याच अंगठ्यावर अख्ख्या शेडचा भाव ठरायचा, तेव्हा थट्टा करणाराच पुढं तोंड लपवत फिरला.

शेडमध्ये यायचा तो कुपा. बांगडा, सुरमई आणि कुपा ही एकाच कुळातली मंडळी. बांगडा त्यातलं शेंडेफळ, सुरमई नाकीडोळी नीटस, आणि कुपा थोरला, माणसाएवढा, कधी त्याहून जड. धंदा सगळ्यांचा एकच, सुसाट पोहायचं आणि लहान माशांच्या थव्यात घुसून पोट भरायचं. कुपा तर जन्मल्यापासून थांबतच नाही. थांबला तर कल्ल्यांना पाणी मिळत नाही आणि गुदमरतो. शिवाय इतर मासे थंडगार, याचं रक्त मात्र कोमट. त्यातूनच सगळी भानगड होते. गळाला लागल्यावर कुपा फार वेळ झुंजला, तर स्वतःच्याच अंगातल्या उष्म्यानं आतून शिजतो. वरून पाहावं तर निळा, चकचकीत. आत मांस फिकट, पाणचट, उकडल्यासारखं. अशा माशाला शेडमध्ये करपलेला म्हणायचे. चुलीचं तोंड न पाहता करपणारा एवढाच एक.

मासा ओल्या फरशीवर आला की मावशीची सून शेपटीजवळ सुरी घालून बोटाएवढा काप काढायची. मावशी तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळायची. चांगल्या माशाचं तेल सुटायचं आणि अंगठा रेशमावरून गेल्यासारखा सरकायचा. करपलेला कालवलेल्या पिठासारखा चिकटायचा. मग ती शेपटीला दोरा बांधायची. लाल दोऱ्याचा मासा बर्फात बसून लांब जायचा, तिथं लोक तो कच्चाच खात. पिवळा भाजण्या-तळण्याला, निळा डब्यात भरायला. आणि शेडचा एक नियम होता, कोणी लिहून न ठेवलेला. दोरा ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बत्तीस वर्षांत मावशीनं एकही दोरा सोडला नव्हता.

पण बर्फ कोणाचा मिंधा नसतो, बत्तीस वर्षं थंडगार मासे हाताळून अंगठा आतून बधिर होत चालला होता. दोन महिन्यांपूर्वी घरी तिनं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, आणि कातडी जळल्याचा वास आधी आला, चटका नंतर. नंतर म्हणजे काय, आलाच नाही. अंगठ्याला टपोरा फोड आला आणि तिला त्याची खबरही नाही. फोड बसला तरी अंगठा लाकडाचा तो लाकडाचाच राहिला. तिनं कोणाला सांगितलं नाही. खोकं गेलं की माणूस घरात अडगळ होतो, हे तिनं इतरांच्या घरी पाहिलेलं. डोळ्यांनी रंग बघून निभावून नेऊ, असं तिनं ठरवलं, आणि आश्चर्य म्हणजे निभत होतं. एकही दोरा चुकला नव्हता.

एवढंच की त्याच सुमाराला सुनेच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. एरवी विचारल्याशिवाय न बोलणारी ती मुलगी आता काप पुढं करता करता बडबडायची. आज तेल काय सुटलंय आई. हे बघा, चिकटतंय नुसतं. मावशीला वैताग यायचा. घुम्याला वाचा फुटली आणि ती नेमकी माझ्या कानाशी, असं ती शेजारणीला म्हणालीही होती.

मग स्वेटरचं प्रकरण झालं. सुनेनं मावशीचा जुना लोकरी स्वेटर कढत पाण्यात टाकला आणि त्याच्या बाह्या आकसून कोपरापर्यंत आल्या. चूक झाली हे तिनं कबूल केलं होतं. पण मावशीच्या जिभेला हाड नाही. ती म्हणून गेली, तुझ्या आईनं हेच शिकवून पाठवलं का. सुनेची आई वारून वर्ष झालं नव्हतं. सून काही बोलली नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी शेडमध्येही बोलली नाही.

नेमका त्याच दिवशी मावशीचा धाकटा दीर कुपा घेऊन आला. नवी होडी, पहिला मोठा मासा. चार माणसांनी उचलावा एवढा. फरशीवर ठेवला तेव्हा व्यापारी गोळा झाले आणि शेडचे मालक स्वतः खुर्ची सोडून आले. सुनेनं गुपचूप काप काढून पुढं धरला. मावशीनं चोळला. अंगठ्याला काहीच नाही. रंग लाल दिसला, पण वरचा दिवा नवा होता, त्याच्या उजेडात शिळं मांसही लाल दिसलं असतं. तिनं सुनेकडं पाहिलं. सून कुठंतरी भिंतीकडं बघत होती. चारचौघांचे डोळे आपल्यावर आहेत म्हटल्यावर मावशीनं लाल दोरा बांधून टाकला.

दिराला मग स्वर्ग दोन बोटं उरला. या भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुप्यासारखाच, थांबला तर गुदमरेल असा. मासा उजाडता उजाडता गळाला लागला आणि डोक्यावर ऊन आलं तरी हार मानेना, हाताची सालं निघाली, होडी मैलभर ओढत नेली, असं तो रंगवून सांगत होता. व्यापारी माना डोलवत होते आणि बोली चढत होती.

मावशी ऐकता ऐकता मनात हिशेब करू लागली. उजाडल्यापासून माथ्यावर ऊन येईपर्यंत झुंजलेला मासा लाल कसा असेल? तो करपलेलाच असणार. बर्फात बसला तर आज कळणार नाही. चार दिवसांनी लांबच्या कोण्या स्वयंपाक्यानं चिरला की कळेल, आणि मग या शेडचा लाल दोरा म्हणजे नुसता दोरा उरेल. गप्प बसलं तर खोकं राहतं. बोललं तर भाऊजींचा पहिलाच मासा निळ्यात जातो आणि आपण घरी.

ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकली आणि स्वतः बांधलेला दोरा सोडला. बोली थांबली.

"मावशी, हे काय?" मालक म्हणाले.

"माझ्या अंगठ्याला आता काही कळत नाही, मालक. दोन महिने झाले. हा मी अंदाजानं बांधला होता. आणि अर्धा दिवस झुंजलेला मासा लाल असत नाही."

व्यापारी दिराकडं वळले. त्याची टकळी बंद पडली होती, आणि हे शेडनं पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग फरशीकडं बघत म्हणाला, "वहिनी, अर्धा दिवस म्हणजे तसं नाही. लागला आणि वर आला. चहा निवायच्या आत."

"आणि हाताची सालं?"

"ती दाराच्या कडीनं निघाली. कालच."

पाठीमागं कोणीतरी हसलं, आणि मग सगळी शेड हसली. मालकांनी सुनेकडं बघितलं. सुनेनं दुसरा काप काढला, स्वतःच्या अंगठ्यानं चोळला आणि सावकाश म्हणाली, "तेल सुटतंय. हात सरकतोय नुसता. लाल आहे."

मालक म्हणाले, मग झालं की मावशी, तुमचंच बरोबर होतं, बांधा परत. मावशीनं मान हलवली. बरोबर निघालं ते नशिबानं, म्हणाली, नशिबाच्या कामाची मजुरी मी घेत नाही. आणि हे म्हणता म्हणताच तिच्या डोक्यात दोन महिन्यांची ती सगळी बडबड एकेक करून जागेवर बसली. तेल काय सुटलंय आई. हे बघा, चिकटतंय. फोडावर मलम कोणी लावलं होतं, तेही आठवलं. या मुलीनंच, काही न विचारता.

मावशीनं दोरा सुनेच्या हातात दिला. सुनेनं गाठ मारली, पण तिला ती नीट जमेना. मावशीनं बोट मध्ये ठेवून धरलं, तेव्हा बसली.

घरी जाताना दोघी गल्लीतून हळूहळू चालल्या. सुनेच्या आईनं सुरी धरायला किती छान शिकवलंय, असं मावशी एकदा म्हणाली, कोणाकडं न बघता. सुनेनं नुसतं हं केलं. पुढच्या वळणावर तिनं सासूच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये खोक्याशेजारी आणखी एक खोकं ठेवलेलं होतं. मालकांनी ठेवलं, असं म्हणतात. मालक म्हणतात त्यांनी नाही. नव्या खोक्यावर मावशी बसली, आकसलेल्या स्वेटरच्या बाह्या कोपरावर, मांडीवर तीन रंगांचे दोरे. जुन्या खोक्यावर सून. पहिला कुपा आला. सुनेनं काप काढला, चोळला आणि आपल्याशीच विचार करत बसली.

"बोल की गं," मावशी म्हणाली. "सवय झालीय मला."

सून हसली. तेल बरं आहे, पण शेवटाला जरासं चिकटतंय, म्हणाली. मावशीनं पिवळा दोरा पुढं केला.