गालाला गार

गुंडीकाकू आधी माणसाच्या सदऱ्याकडे बघायच्या, मग तोंडाकडे. कुणी पाया पडलं की आशीर्वाद देता देता त्यांचा हात गळ्याच्या गुंडीवर जायचा. माझ्या लग्नात तर त्यांनी नवरदेवालाच जवळ ओढून झब्ब्याची गुंडी गालाला लावली. "ऊन हाय. प्लास्टिक," असं जाहीर करून त्या खुशाल पंगतीला बसल्या. वऱ्हाडी बघतच राहिले.

शिंपल्याची गुंडी गालाला गार लागते, ही त्यांची परीक्षा. नांदेडात आमच्या शेजारी, त्यांच्या पडवीत, एकेकाळी अशा गुंड्या व्हायच्या. भोई गोदावरीतले शिंपले पोत्याने आणून टाकत. काका भिजवलेल्या शिंपल्यांतून चकत्या कापत, काकू त्यांना भोकं पाडून घासत बसत. घरभर पांढरी धूळ असायची. पुढे प्लास्टिक आलं आणि शिंपी यायचे थांबले. काकांचा खोकला मात्र थांबला नाही, त्यातच ते गेले.

दोघांनी केलेल्या शेवटच्या गुंड्या काकांच्या एका सदऱ्याला होत्या. तो काकूंनी ट्रंकेत जपून ठेवला होता. भांड्यांच्या बदल्यात भांडेवालीला जुने कपडे देताना गुंड्या कापून घ्यायच्या, ही त्या घरची शिस्त. पण सून सुमन नवी असतानाच काकूंनी तिला तो सदरा दाखवून बजावलं होतं, "ह्याच्या गुंड्या कधी काढायच्या न्हाईत."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकू दवाखान्यात होत्या, तेव्हा सुमनने हौसेने घर आवरलं. घरी आल्यावर काकूंनी ट्रंक उघडली आणि सदऱ्याचं विचारलं. मी तिथेच होते. सुमनने नवं जाड पातेलं पुढे केलं.

"दिला की भांडेवालीला. पर तुमचा शब्द राखला, आत्या. गुंड्या काढल्या न्हाईत."

काकूंनी ट्रंकेचं झाकण लावलं. त्यांचा मुलगा भांडेवालीच्या गावी, मुदखेडला जाऊन तिला शोधून आला, पण तिचं गाठोडं बाजारात केव्हाच विकलं गेलं होतं. सुमन रडून रडून बेजार झाली. शेवटी काकूच म्हणाल्या, "भांडं चांगलं हाय. चहा टाक." पुढे त्या पातेल्यात रोज दूध तापायचं. मला ते बघवत नसे.

मागच्या वर्षी काकू अंथरुणाला खिळल्या, माणसं ओळखेनाशा झाल्या. जायच्या आधी थोडेच दिवस माझे यजमान त्यांना भेटायला गेले. काकूंनी त्यांना जवळ ओढलं, गुंडी गालाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"ऊन हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा सदरा न्हाई."

मग त्यांनी गुंडी सोडून दिली.