चिंचेच्या लाकडाचा पाट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या सोपानला तर नाहीच. तो गेला त्याला आता चार वर्षं झाली. तो होता तोवर वेळ मिळाला नाही का? भरपूर मिळाला. तो थेरगावला, मी चिंचवडला, मध्ये फक्त पवना नदी.

आता सांगतोय म्हणजे मला मन हलकं करायचंय असं समजू नका. मन जड वगैरे काही नाही माझं. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, बोट लावलं तरी दुसऱ्याचाच वाटतो — तसं आहे ते. तुम्ही बसला आहात, मी सांगतो, एवढंच.

मी गाण्याचा मास्तर. चिंचवड गावात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका सोनाराच्या दुकानावरच्या माडीत माझा क्लास चालायचा. पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, आणि बाकी सगळं माळरानच होतं. क्लासात एक पेटी — तिचा भाता फाटका, मी त्याला जाड कागद चिकटवलेला — एक तंबोरा, आणि पंधरा-वीस विद्यार्थी. त्यातल्या निम्म्या मुलींना पाहायला येणाऱ्या मंडळींपुढे एक पद म्हणता आलं म्हणजे झालं. लग्न जमलं की मुलगी क्लास सोडायची आणि मला पेढे मिळायचे. मी काही मोठा गवई झालो नाही. व्हायचं होतं. का झालो नाही याची बरीच कारणं मी लोकांना ऐकवत असे, आणि त्यातल्या एकाही कारणात माझी चूक नसे. ही सवय माझी जुनी. पुढे काय झालं ते कळायला तुम्हाला ती ठाऊक असलेली बरी.

तर अशा त्या क्लासात सोपान आला. दहा वर्षांचा. वडील रामभाऊ, थेरगावचे शेतकरी, गावच्या भजनात टाळ धरणारे. नदी उतरून पोराला घेऊन आले, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. म्हणाले, "मास्तर, पोरगं गातंय. चांगलं का वाईट ते आमाला कळत न्हाई. तुमी बघा."

मी पेटीवर काळी चार धरली. लहान मुलांचा आवाज उंच असतो, त्यांना तीच पट्टी सोसते. म्हटलं, लाव सा. त्यानं लावला. खाली सोनाराची हातोडी चालू होती, ती थांबली. आमच्या सोनाराला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे.

तीन वर्षं मी त्याला शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. हे मी माझ्या बाजूचं म्हणून सांगत नाही. उलट त्यामुळे पुढचं जास्त वाईट होतं, नाही का? परक्या पोराचं एक असतं. हा माझा होता.

पुण्याचे एक मोठे गवई — आम्ही त्यांना नुसतं बुवा म्हणायचो — माघातल्या उत्सवात देवळात गायला यायचे. सोपान बारा वर्षांचा असताना मी त्याला बुवांच्या आधी पंधरा मिनिटं गायला बसवलं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं. मग सगळ्या मंडपादेखत माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुमचं काम?" पुढल्या माघात पुन्हा ऐकतो म्हणाले. असाच राहिला तर पुण्याला माझ्या घरी ठेवून घेतो, शिष्य म्हणून. रामभाऊंनी पागोटं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. एका शेतकऱ्याच्या पोराचा जन्म बदलणार होता. आणि मला काय ऐकू येत राहिलं? "हे तुमचं काम?" वर्षभर तेवढंच. जेवताना, दाढी करताना, मुलींना पदं शिकवताना.

पुढल्या दिवाळीनंतर सोपानचा आवाज फुटायला लागला. मुलग्यांचा फुटतोच, तेरा-चौदाला. बोलता बोलता घोगरा व्हायचा, मध्येच चिरकायचा, आणि तो स्वतःच हसायचा. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. ओळखलं नाही असं म्हणायची मला सोय नाही, कारण माझा आवाज फुटला तेव्हा माझ्या गुरुजींनी मला दीड वर्ष गाऊ दिलं नव्हतं. तंबोरा छेडायचा, ऐकायचं, चिजा मनात पाठ करायच्या, तोंड मिटून. एकदा गोठ्यात जाऊन चोरून गायलो तर त्यांनी मला आठ दिवस समोर बसू दिलं नाही. म्हणाले, "आता ओरडलास तर जन्मभर ओरडतच राहशील." दीड वर्षानं त्यांनी पट्टी खाली आणली, काळी एकवर, आणि माझा नवा आवाज बोट धरून बाहेर काढला. फुटत्या गळ्याला गायला लावायचं नाही, हे गाण्याच्या धंद्यात ज्याला कळत नाही त्यानं पेटीला हात लावू नये. मला कळत होतं.

पण माघ अडीच महिन्यांवर होता. बुवांना खरं सांगितलं असतं तर ते थांबले असते, कोणताही गवई थांबतो. पण दीड-दोन वर्षांनी त्यांना आठवण राहील का? आणि नवा आवाज कसा निघेल — माझ्यासारखा सामान्य निघाला तर? मग मंडपात मला कोण विचारणार? — असं सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं. सोपानचा गळा त्यात कुठेच नव्हता. मी काळी चार सोडली नाही. तो म्हणायचा, "मास्तर, वर जाताना आडकतंय." मी म्हणायचो, जोर लाव. त्याची आई ज्येष्ठमध उगाळून द्यायची. एकदा त्यानं भीत भीत विचारलं, एक पट्टी खाली घेऊ का? मी नाही म्हणालो. बुवांनी ऐकलंय ते काळी चारमध्ये, म्हणालो.

उत्सवाच्या दिवशी वरच्या सा वर त्याचा आवाज फाटला. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसता वारा आला. मंडपात पोरं फिदीफिदी हसली. तो उठला नाही, माझ्याकडे पाहत राहिला. मी पेटी वाजवत राहिलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

नंतर देवळामागे बुवांनी मला बाजूला बोलावलं. सोपान आणि रामभाऊ चार हातांवर उभे. बुवा हळूच म्हणाले, "मास्तर, याचा आवाज फुटतोय. कधीपासून? आणि तुम्ही याला अजून गायला लावताय?"

मी काय म्हणालो ते आता सांगतो. इतकी वर्षं ते शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघालेले नाहीत.

मी म्हणालो, "छे हो बुवा. कालपर्यंत स्वच्छ होता. पोरानं चिंचा खाल्ल्यात. सांगून सांगून दमलो."

आंबटानं गळा बसतो हे गाणाऱ्यांच्या घरात सगळेच धरून चालतात. आणि आमच्या गावात चिंचांना काय तोटा? माघात त्या गाभुळतात, शाळेतल्या प्रत्येक पोराचा खिसा चिंचेनं चिकट असतो. मी सोपानला चिंचेबद्दल आयुष्यात कधी एक शब्द बोललो नव्हतो. बुवांनी त्याला विचारलं, "काय रे, खाल्ल्यास?" तो खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "व्हय. दोन खाल्ल्या. परवा." बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गायला निघून गेले. त्यांनी माझा शब्द खरा मानला, आणि पोर बेफिकीर निघालं एवढंच ते मनात घेऊन गेले असणार. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. नदीच्या उतारावर रामभाऊंनी सोपानला मारलं. मी घाटाच्या पायऱ्यांवरून पाहिलं. तो रडत नव्हता, मार खात उभा होता.

तुम्हाला वाटेल, कबुली संपली. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं — की माझा गुन्हा म्हणजे ते एक वाक्य. पण नाही. गळा तेव्हाही वाचला असता. त्या दिवसापासून त्याला गप्प बसवला असता तर वर्ष-दीड वर्षानं काही ना काही परत आलं असतं, चांगलंच आलं असतं. पण गप्प कसा बसवू? आवाज फुटलेला नाही असं मी बुवांपुढे बोलून बसलो होतो, गावभर तेच झालं होतं. चिंच बंद केली की गळा सुटणार, मग रियाज चालू. म्हणून मी दुसऱ्या आठवड्यापासून त्याला पुन्हा काळी चारवर बसवलं. रोज सकाळी. चैत्र संपेपर्यंत. तो जीव तोडून गायचा, आपण केलेलं आपणच निस्तरायचं म्हणून. आणि मी समोर बसून ऐकायचो. त्या सकाळी मला काय वाटायचं ते मी आठवून पाहतो. काही वाटायचं नाही. भात्याचा कागद पुन्हा सुटलाय हे लक्षात यायचं.

वैशाखात एका सकाळी तो सा लावेना. तोंड उघडून बसला होता. मग त्यानं आपणच तोंड मिटलं.

आवाज पुढे आला तो बोलण्यापुरता, खरखरीत. गाणं गेलं. तरी तो दर गुरुवारी यायचा, कोपऱ्यात बसून इतरांसाठी तंबोरा छेडायचा. तोंड मिटून. त्या वर्षी गुरुपौर्णिमेला रामभाऊ आले, काखेत एक पाट. जाड, तांबूस, नुकताच रंधा मारलेला. म्हणाले, "बांधावरची चिंच तोडली, मास्तर. झाडच ठेवलं न्हाई. तुमाला बसायला आणलाय." मी तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या घरात आमटीत चिंच घालायची बंद झाली, कोकम आलं, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. त्यांना वाटत होतं मी खूश होईन.

अठराव्या वर्षी सोपान पिंपरीच्या कारखान्यात लागला. बाटल्या धुण्याच्या खात्यात. एकदा मला रस्त्यात भेटला, सायकलवरून उतरला आणि हसत म्हणाला, "मास्तर, आमच्या कारखान्याचा भोंगा काळी दोनचा हाय. पण सुरू व्हताना जरा उतरलेला लागतो." मी दुसऱ्या दिवशी माडीवर पेटी घेऊन बसलो आणि भोंग्याची वाट पाहिली. काळी दोनच होती.

त्याच वर्षी तो त्याच्या धाकट्या बहिणीला घेऊन आला. काशी, आठ वर्षांची. परकर, दोन घट्ट वेण्या, आणि उजवी मूठ मिटलेली. पहिल्या शिफ्टवरून तो तसाच आला होता, अंगाला औषधाचा वास. ती पाया पडायला वाकली तेव्हा त्यानं तिची मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. आत गाभुळलेली चिंच. येताना घाटावर कोणीतरी दिली असणार. त्यानं ती खिडकीतून फेकली. पोर रडकुंडीला आली. तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि त्या खरखरीत आवाजात समजावून म्हणाला, "मास्तरांनी मला आधीच बजावलं व्हतं, काशे. रोज सांगायचे. मीच ऐकलं न्हाई. तू ऐक."

मी कधीच बजावलं नव्हतं. पण त्याला ते आठवत होतं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यासाठी एक चांगला मास्तर मनातल्या मनात तयार केला होता, आणि तो त्या मास्तराची बाजू घेऊन बोलत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "खरं का न्हाई, मास्तर?"

माडीवर आम्ही तिघेच होतो. खाली सोनारही नव्हता.

मी म्हणालो, "खरं आहे." त्याच पाटावर बसलो होतो. पेटी पुढे ओढली, काळी चार धरली आणि काशीला म्हटलं, लाव सा.